नापास झालेला निबंध : शोधपत्रिकांच्या छाननीविषयी

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आपल्यापैकी पुष्कळांनी केले असेल. गठ्ठे येतात, सोबत आदर्श उत्तरे आणि गुणदानाच्या सूचना येतात. उत्तरपत्रिका कोणाची हे आपल्याला ठाऊक नसते आणि ती कोणी तपासली हे मुलाला ठाऊक नसते. आपण दिलेले गुण नियामक पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. इतके करूनही चुका राहतात हे सर्वांना मान्य आहे. म्हणून तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन अशा सोयी ठेवाव्या लागल्या.

विज्ञानातही अशी एक परीक्षा चालते. शास्त्रज्ञाने लिहिलेला निबंध शोधपत्रिकेत छापण्यापूर्वी त्याच विषयातील दुसऱ्या काही जाणकारांकडून तपासून घेतला जातो. इंग्रजीत याला 'पीअर रिव्ह्यू' म्हणतात. आपण येथे नुसते 'छाननी' म्हणू. वर्तमानपत्रात 'एका मान्यवर शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार' असे वाक्य येते, तेव्हा त्यामागे ही छाननी गृहीत असते. वर्गात आपणही 'हे संशोधनाने सिद्ध झाले आहे' असे सांगून पुढे जातो. अशा वेळी एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, सिद्ध झाले हे कोणी ठरवले?" तर आपण काय उत्तर देऊ? या लेखात आम्ही त्या उत्तराचा शोध घेणार आहोत. छाननी कशासाठी उपयोगी पडते, कोठे कमी पडते आणि तिच्यावरचा आपला विश्वास किती असावा, हे पाहणार आहोत.

प्रथम ही पद्धत कशी चालते ते पाहू. लेखक आपला निबंध संपादकाकडे पाठवतो. संपादक तो चाळतो. विषय पत्रिकेच्या कक्षेबाहेरचा असेल किंवा निबंध अगदीच कच्चा असेल तर तेथूनच परत जातो. बाकीचे निबंध दोन किंवा तीन परीक्षकांकडे जातात. परीक्षकाने पाहायचे ते असे : प्रश्न नवा आहे का, पद्धत योग्य आहे का, आकडेमोड बरोबर आहे का, आणि काढलेला निष्कर्ष पुराव्यातून खरोखरच निघतो का. परीक्षक आपला अभिप्राय लिहितो. संपादक ते अभिप्राय वाचून निबंध स्वीकारतो, दुरुस्तीसाठी परत पाठवतो किंवा नाकारतो. यात काही आठवडे जातात, कधी वर्षही उलटते. बहुतेक ठिकाणी परीक्षकाला लेखकाचे नाव ठाऊक असते, पण लेखकाला परीक्षकाचे नाव कळत नाही. काही पत्रिका दोन्ही नावे झाकतात. परीक्षकाला या कामाचा मोबदला सहसा मिळत नाही.

आपल्या बोर्डाच्या तपासणीत आणि या तपासणीत एक मोठा फरक आहे. येथे आदर्श उत्तर नसते. जे अजून कोणालाच ठाऊक नाही तेच लेखक सांगत असतो, आणि परीक्षकाने ते तपासायचे असते. शिवाय परीक्षक त्याच विषयात काम करणारा, म्हणजे पुष्कळदा लेखकाचा प्रतिस्पर्धीच असतो. एवढी अडचणीची परीक्षा बिनचूक होईल अशी अपेक्षा करणेच चूक आहे. आमची तक्रार ती चुकते याबद्दल नाही. चूक झाली तर ती दिसावी आणि दुरुस्त व्हावी अशी सोय तिच्यात फार थोडी आहे, ही आमची तक्रार आहे. हे मुंबईच्याच एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

मुंबईचा शिक्षक

जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश अभियंता १८३९ साली मुंबईला आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलात शिकणाऱ्या तरुणांना शिकवणे हे त्याचे काम. म्हणजे तो आपल्यासारखाच शिक्षक होता. उरलेल्या वेळात तो वायूंचा विचार करी. १८४५ च्या अखेरीस त्याने एक मोठा निबंध लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला.

निबंधातील मूळ कल्पना आज आपण सहज शिकवतो. वायू म्हणजे सतत इकडेतिकडे धावणाऱ्या, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आपटणाऱ्या असंख्य रेणूंचा समूह. भिंतींवरील या आघातांमुळे दाब निर्माण होतो. वायूचे तापमान हे रेणूंच्या वेगाच्या वर्गाशी निगडित असते. दोन वायू एकत्र मिसळले तर जड रेणू हळू धावतात, हलके रेणू वेगाने धावतात, आणि रेणूचे वस्तुमान व त्याच्या वेगाच्या वर्गाची सरासरी यांचा गुणाकार दोघांसाठी सारखाच येतो. हा शेवटचा मुद्दा पुढे भौतिकशास्त्रात अत्यंत महत्त्वाचा ठरला.

निबंध दोन परीक्षकांकडे गेला. एक होते बेडन पॉवेल, ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक. (बालवीर चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे त्यांचे चिरंजीव.) ज्या गृहीतकावर हा सारा डोलारा उभा आहे तेच समाधानकारक नाही, असे त्यांचे मत पडले. दुसरे परीक्षक सर जॉन लबक यांनी तर निबंध निव्वळ निरर्थक असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असे लिहून टाकले. १८४६ मध्ये निबंधाचा छोटासा गोषवारा तेवढा छापला गेला. पूर्ण निबंध सोसायटीच्या दप्तरात जाऊन पडला.

येथे आणखी एक अडचण आली. सोसायटीपुढे वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होई, तो परत मिळत नसे. वॉटरस्टनने स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती. त्यामुळे तो निबंध दुसरीकडे पाठवण्याचा मार्गही बंद झाला. पुढे १८५६ मध्ये क्रोनिग, १८५७ मध्ये क्लॉसियस आणि १८६० मध्ये मॅक्सवेल यांनी हाच विषय हाती घेतला आणि वायूंचा गत्यात्मक सिद्धांत त्यांच्या नावे उभा राहिला. वॉटरस्टन १८५७ साली मायदेशी परतला. १८८३ च्या जून महिन्यात एके दिवशी तो एडिंबरोजवळ फिरायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही.

१८९१ साली लॉर्ड रॅले रॉयल सोसायटीचे सचिव होते. वॉटरस्टनच्या ध्वनीवरील एका नंतरच्या लेखात या जुन्या निबंधाचा उल्लेख त्यांना आढळला. त्यांनी दप्तर शोधले, हस्तलिखित बाहेर काढले आणि स्वतःची प्रस्तावना जोडून ते सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापवले. निबंध लिहून तोवर ४५ वर्षे उलटली होती.

या गोष्टीतील एक बारकावा आमच्या मते फार बोलका आहे. वॉटरस्टनच्या निबंधात एक खरीखुरी चूक होती. वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढताना त्याची आकडेमोड चुकली आणि उत्तर ५/३ ऐवजी ४/३ आले. निबंध नाकारला गेला तो मात्र या चुकीमुळे नव्हे, तर त्यातील मूळ कल्पनेमुळे. आणि ती कल्पना बरोबर होती! तेव्हा मत दिले आणि तपासणी केली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकलेली पायरी दाखवणे ही तपासणी. 'हे निरर्थक आहे' हे मत.

परीक्षक बरोबर, आइन्स्टाइन चूक

एवढ्यावरून छाननी निकामी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. म्हणून उलट बाजूचे उदाहरणही घेऊ.

१९३६ साली आल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी अमेरिकेतील 'फिजिकल रिव्ह्यू' या पत्रिकेकडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात असू शकत नाहीत असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने सुमारे दहा पानांचा अभिप्राय लिहून चूक कोठे आहे ते दाखवले. टेट यांनी तो अभिप्राय आइन्स्टाइनकडे पाठवला. जर्मनीतील पत्रिकांमध्ये अशा बाहेरच्या छाननीची आइन्स्टाइन यांना सवय नव्हती. ते रागावले. आम्ही निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्यापूर्वी तज्ज्ञांना दाखवण्याची मुभा दिली नव्हती, अशा अर्थाचे पत्र लिहून त्यांनी निबंध परत घेतला.

तो अज्ञात परीक्षक म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन हा गणिती भौतिकशास्त्रज्ञ. त्याचे नाव २००५ साली, म्हणजे जवळपास ७० वर्षांनी, जाहीर झाले. प्रिन्स्टनला परतल्यावर रॉबर्टसनने आइन्स्टाइन यांचा सहायक इन्फेल्ड याच्याशी गप्पा मारताना ती चूक समजावून दिली. दरम्यान आइन्स्टाइन यांच्याही ध्यानात काहीतरी गफलत झाल्याचे आले होते. १९३७ मध्ये हा निबंध दुसऱ्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष टिपल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच एक वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प भारत सरकारने मंजूर केलेला आहे. १९३६ चा तो निबंध जसाच्या तसा छापला गेला असता तर लहरींचा शोध कायमचा अडला असता असे नव्हे. पण जगातील सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाची चूक दाखवण्याची हिंमत एका परीक्षकाने केली आणि संपादकाने त्याला पाठबळ दिले, हे छाननीचे यश मानलेच पाहिजे. रॉबर्टसनने मत दिले नव्हते, पायरी तपासली होती.

नावाचे वजन

वॉटरस्टन अनोळखी होता आणि आइन्स्टाइन जगप्रसिद्ध. नावाचा परिणाम छाननीवर होतो का?

रॅले यांनी वॉटरस्टनच्या निबंधाला जोडलेल्या प्रस्तावनेत तरुण लेखकांना एक सल्ला दिला आहे. त्याचा आशय असा : अनोळखी लेखकाने धाडसी कल्पना घेऊन एकदम मोठ्या संस्थेकडे जाऊ नये, आधी मर्यादित, सहज पारखता येईल असे काम करून नाव मिळवावे. सल्ला व्यवहाराचा आहे. पण ज्यांनी वॉटरस्टनवरचा अन्याय दूर केला त्यांनीच तो द्यावा याचे आम्हाला नवल वाटते. कारण नावाची गंमत खुद्द रॅले यांनीही अनुभवली होती. ब्रिटिश असोसिएशनकडे पाठवलेल्या त्यांच्या एका लेखावरचे नाव कसे कोण जाणे गळून पडले. कोणातरी विक्षिप्ताचे लिखाण समजून समितीने तो लेख नाकारला. लेखक कोण हे कळताच त्याच लेखात गुण दिसू लागले!

ही केवळ जुनी आख्यायिका नाही. पीटर्स आणि सेसी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नामवंत संस्थांतील लेखकांचे १२ छापील निबंध त्यांनी घेतले, लेखकांची व संस्थांची नावे बदलून काल्पनिक अनोळखी नावे घातली, आणि ज्या पत्रिकांनी ते छापले होते त्यांच्याकडेच पुन्हा पाठवले. तीन निबंध ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि तेही बहुतांशी पद्धतीत गंभीर दोष आहेत असे कारण देऊन. या प्रयोगावर पुष्कळ वाद झाला. निबंधांची संख्या थोडी आहे, संपादकांना फसवणे योग्य नाही, हे आक्षेप रास्तच आहेत. तरी दोन्ही नावे झाकण्याच्या पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांना त्यातून बळ मिळाले.

जे सुटून जाते ते

चांगले अडवले जाणे ही एक चूक. वाईट सुटून जाणे ही दुसरी. १९९८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने स्वतःच्याच परीक्षकांची परीक्षा घेतली. एका निबंधात मुद्दाम आठ उणिवा घालून तो ४२० परीक्षकांना पाठवला. २२१ जणांनी अभिप्राय दिले. त्यांनी सरासरीने आठपैकी दोन उणिवा पकडल्या.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा असे त्यातून सूचित होत होते. आधार होता अवघ्या १२ मुलांचा. निबंध छाननीतून गेलेला होता. पुढे मोठ्या पाहण्यांत असा कोणताही संबंध आढळला नाही. मुलांच्या नोंदींमध्ये फेरफार झाल्याचे एका पत्रकाराच्या शोधातून बाहेर आले, आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला. दरम्यानच्या काळात ब्रिटनमध्ये लसीकरण घटले आणि गोवर पुन्हा डोके वर काढू लागला. परीक्षकाच्या हाती लेखकाने लिहिलेले कागद असतात. रुग्णालयाचे मूळ दप्तर तो उघडून पाहत नाही. छाननीची रचनाच लेखक प्रामाणिक आहे हे धरून केलेली आहे. तेव्हा 'छाननी झाली' याचा अर्थ 'खरे ठरले' असा लावणे ही आपली चूक होय.

आणखी एक प्रकार म्हणजे छाननीचे नुसते सोंग. जॉन बोहानन या पत्रकाराने एका बनावट औषधाविषयी ढोबळ चुकांनी भरलेला निबंध ३०४ पत्रिकांना पाठवला आणि त्याचा वृत्तांत २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये दिला. १५७ पत्रिकांनी निबंध स्वीकारला, ९८ पत्रिकांनी नाकारला. या ३०४ मध्ये भारतातून चालणाऱ्या पत्रिका मोठ्या संख्येने होत्या. आपल्याकडे २०१० पासून महाविद्यालयीन शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी छापील निबंधांना गुण मिळू लागले, आणि पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापून देणारी दुकाने फोफावली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ४,३०५ पत्रिका आपल्या यादीतून काढल्या. पत्रिकांच्या पारखणीचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कक्षाकडे दिले आणि 'केअर' नावाची नवी यादी केली. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. आम्हाला वाटते, निबंधाची संख्या मोजणे हेच या रोगाचे मूळ आहे. यादी बदलून ते जाणार नाही.

मग करायचे काय?

छाननी बंद करावी असे आम्ही म्हणणार नाही. पण ती विज्ञानाच्या जन्मापासून चालत आलेली, अटळ गोष्टही नाही. 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ मध्ये सुरू झाले तेव्हा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग स्वतःच काय छापायचे ते ठरवत. सोसायटीने निबंधांसाठी समिती नेमली ती १७५२ मध्ये, आणि लेखी अभिप्राय घेण्याची प्रथा पडली ती १८३० नंतर. 'नेचर'ने बाहेरची छाननी सक्तीची केली ती १९७३ मध्ये. वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा निबंध परीक्षकांकडे गेलाच नव्हता. जी पद्धत माणसांनी हळूहळू घडवली, ती माणसांना बदलताही येते.

आमच्या मते सर्वांत निकडीचा बदल म्हणजे अभिप्राय उघडे करणे. लबक यांचे ते एका ओळीचे मत १८४६ मध्ये निबंधासोबतच छापले गेले असते, तर वाचकांनी दोन्ही वाचून आपले मत बनवले असते. सुदैवाने वारे त्या दिशेने वाहू लागले आहे. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून आपले निबंध छाननीपूर्वीच 'अर्काइव्ह' या संगणकीय भांडारात सर्वांसाठी ठेवतात. आज कोणा वॉटरस्टनचा निबंध दप्तरात कुजणार नाही. 'ई-लाइफ' ही पत्रिका २०२३ पासून छाननीला घेतलेला निबंध परीक्षकांच्या अभिप्रायांसह प्रसिद्ध करते. 'नेचर'नेही २०२५ पासून नव्याने येणाऱ्या ज्या शोधनिबंधांची निवड होईल, त्यांच्यासोबत अभिप्राय व लेखकाची उत्तरे देण्याचे ठरवले आहे. परीक्षकाचे नाव जाहीर करावे का, यावर मात्र मतभेद आहेत. ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या निबंधावर नाव घालून टीका करताना तरुण परीक्षक कचरेल, ही भीती खोटी नाही. आम्ही म्हणू, नाव झाकलेले चालेल. कारणे झाकलेली चालणार नाहीत.

हे वर्गात कसे नेता येईल? एक सोपा उपक्रम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनी केलेल्या एखाद्या प्रयोगाचे, समजा लंबकाच्या दोलनकालाचे, वृत्तांत नाव न घालता क्रमांक देऊन आपसांत वाटावेत. प्रत्येकाने दुसऱ्याचा वृत्तांत तपासून अभिप्राय लिहावा. नियम एकच : 'चांगले' किंवा 'चूक' एवढेच लिहायचे नाही, कोणती पायरी, कोणते वाचन, कोणता निष्कर्ष, हे दाखवायचे. मूळ लेखकाने त्याला लेखी उत्तर द्यावे. मग वृत्तांत, अभिप्राय आणि उत्तर ही तिन्ही शेजारी शेजारी फळ्यावर लावावीत. कोणी बरोबर उत्तराला चूक म्हटलेले असेल, कोणाच्या नजरेतून ढोबळ चूक सुटलेली असेल. त्यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी.

असा तास झाल्यावर "सर, सिद्ध झाले हे कोणी ठरवले?" या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाईल. दोन-तीन जाणकारांनी निबंध वाचून तो इतरांनी वाचण्याजोगा आहे असे म्हटले, एवढेच छापून येण्यावरून कळते. त्यानंतर दुसऱ्यांनी तो प्रयोग करून पाहिला का, त्यांना तेच आढळले का, हे विचारायचे बाकी असते. तो प्रश्न विद्यार्थिनीने विचारला की शिक्षकाने तिला खाली बसवू नये.